आधी बाहुलीला सलाईन

गेल्या पावसाळ्यात माझी पाच वर्षांची भाची न्युमोनियाने कुडाळला चार दिवस ॲडमिट होती, पहिल्या दिवशी तिघांनी धरून सलाईन लावलं आणि मग काय, सिस्टर दिसली रे दिसली की पोर चादरीत. दुसऱ्या दिवशी एका सिस्टरनेच तिला बिनसुईची सिरिंज, कापूस नि चिकटपट्टी दिली. हिने सावंतवाडीच्या लाकडी बाहुलीचा हात आधी कापसाने पुसला, फुंकर घातली, पट्टी लावली आणि हळूच म्हणाली, "जरासा दुखतला हां, रडलस तरी चालात."

मला भरूनच आलं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं ओ!

खेळात मूल पेशंटचं डॉक्टर होतं, पुढे काय होणार ते हाताने करून बघतं, म्हणून भीती उतरते. रक्त काढताना साबणाचे फुगे फुंकायला देतात तेही उगाच नाही, लांब श्वास सुटतो आणि लक्ष फुग्यावर जातं. खेळणं हा मुलांचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 मध्ये लिहिलंय, भारताने तो 1992 मध्ये मान्य केला, मग वॉर्डात खेळण्यांची एक पेटी ठेवायला काय हरकत आहे?

तिसऱ्या दिवशी सुई बदलायची होती. तिने बाहुली पुढे केली, "आधी हिका."