क्रमांक 17

चीनचा ग्रुप व्हिसा म्हणजे काय प्रकार असतो, हे न पाहिलेल्याला सांगून पटत नाही. पासपोर्टवर काहीच चिकटवत नाहीत. एका कागदावर सगळ्यांची नावं, क्रमांकानं. इमिग्रेशनला त्याच क्रमानं रांग लावायची. 14 नंबरचे काका ऐनवेळी बाथरूमला गेले, की 15पासून पुढची अख्खी रांग खोळंबते. म्हणून टूर मॅनेजरला माणसं नावाच्या आधी नंबरानं पाठ होतात. माझी 22 वर्षं यातच गेली.

2018च्या मे महिन्यातला ग्रुप, 34 माणसं. क्रमांक 16 म्हणजे नाशिककडच्या एक आजी, 79 वर्षांच्या, गुडघे गेलेले, व्हीलचेअरवर. क्रमांक 17 म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या बाई. आजींच्या मुलानं दोघींचे पूर्ण पैसे भरले होते. ग्रुपमध्ये सगळे त्यांना मावशी म्हणायचे आणि जाता जाता स्वतःचाही चहा आणायला सांगायचे. एकाच दराने पैसे भरलेल्या माणसाला! आजींना भरवून त्या जेवायला उठेपर्यंत बुफे आवरलेला असे. त्यांचं ताट बाजूला काढून ठेवायला मला एकदाही सुचलं नाही. व्हिसाच्या कागदावरचं त्यांचं नाव मी स्पेलिंगसह तीनदा तपासलं होतं. माझ्या रूमिंग लिस्टवर, म्हणजे हॉटेलच्या खोल्यांच्या यादीवर, मात्र नुसतं ‘अटें.’, अटेंडंट, एवढंच लिहिलेलं.

शांघायच्या दुसऱ्या दिवशी ढग इतके खाली उतरले, की 632 मीटरच्या शांघाय टॉवरचा वरचा अर्धा भाग गायब. तिकीट काढून वर जायचं आणि काचेतून कापूस बघायचा, त्यात अर्थ नव्हता. तिथल्या एजंटचा फोन आलाच: रेशमी दुलयांच्या दुकानात नेऊ. या दुकानांचं कमिशन कुठून कुठे जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी नाही म्हटलं आणि बस ह्वाइहाय रोडला वळवली, सुंग चिंग-लिंग यांच्या घराकडे.

बसमध्ये कुजबुज सुरू झाली. “कुणा बाईचं घर बघायला आलोय का आपण?”

अशा वेळी माझा एक हुकमी पत्ता असतो, आणि तो मी अभिमानानं टाकतो. माईक घेतला. म्हटलं, सन यत-सेन यांनी चीनचं साम्राज्य उलथून प्रजासत्ताक आणलं, त्यांच्या या पत्नी. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर कँटनला उतरले, तेव्हा त्या पाच भारतीय डॉक्टरांच्या स्वागताला ह्याच बाई गेल्या होत्या. बस एकदम गप्प. कोटणीस म्हटलं की मराठी माणूस निम्मा जिंकला.

घर दुमजली, पांढरं. एका ग्रीक जहाजवाल्यानं बांधलेलं, म्हणून घाटही जहाजासारखा. 1948 ते 1963 बाई इथे राहिल्या, मग बीजिंगला गेल्या. आतली मांडणी जपून ठेवलेली. ग्रुपमधले पुरुष मात्र गॅरेजपाशीच अडकले. तिथे स्टालिननं भेट दिलेली मोटार आहे, तिच्यापुढे बाकी घर फिकं. बागेत कापराची मोठाली झाडं. ओल्या हिरवळीवर पडलेलं एक पान चुरगाळून मी आजींच्या नाकाशी धरलं. “अगं बाई, आरती झाल्यासारखं वाटतंय,” त्या म्हणाल्या.

व्हीलचेअर जिन्यावरून जाणं शक्यच नव्हतं. आजी मावशींना म्हणाल्या, “तू जा वर. बघून ये आणि मला सांग.” पाच दिवसांत मावशी पहिल्यांदाच हातात खुर्ची नसताना चालत होत्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी मागे बांधले.

वर बाईंची निजायची खोली आहे, तिथलं फर्निचर त्यांच्या माहेरून आलेलं. आणि त्याच मजल्यावर आणखी एक खोली: ली यान-ए यांची. त्या घरकाम बघायच्या. बाईंजवळ 50 वर्षांहून जास्त राहिल्या. आमचा लोकल गाईड एरवी पाठ केलेलं इंग्रजी म्हणणारा पोरगा. इथे मात्र थांबला, फोन काढला आणि एक फोटो दाखवला. शांघायमधलंच सुंग घराण्याचं दफनस्थान. मधे आईवडील. एका बाजूला सुंग चिंग-लिंग, आणि तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच आकाराच्या शिळेखाली, ली यान-ए. दोघी 1981 सालीच गेल्या. आधी ली, काही महिन्यांनी बाई. राष्ट्राचं मानद अध्यक्षपद मिळालेली बाई नानजिंगमधलं नवऱ्याचं भव्य स्मारक सोडून इथे येऊन निजली.

मी भाषांतर करत होतो. दोन काकूंनी डोळे पुसले. एकीनं “किती थोर मन!” म्हटलं, अर्थात मालकिणीचं.

मावशींनी फोटो जवळ घेऊन पाहिला. मग मला विचारलं, “हिला घरी नव्हतं का जायचं?”

मी गाईडला विचारलं. तो म्हणाला, हेच तिचं घर.

“तसं नाही,” मावशी म्हणाल्या. “तिचं.”

यावर भाषांतर करण्यासारखं काही त्याच्याकडेही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. वेळ झाली म्हणून मी झेंडी वर केली.

खाली आल्यावर आजींनी विचारलं, काय होतं गं वर? मावशी म्हणाल्या, “दोन खोल्या. एक बाईंची, एक कामवालीची. एकाच माळ्यावर.” शिळांचं नावही काढलं नाही. खुर्चीचा ब्रेक काढला आणि निघाल्या.

का काढलं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. आजींना वाईट वाटेल म्हणून, की त्यांना आवडेल म्हणून?

त्या संध्याकाळी बीजिंगच्या हॉटेलला रूमिंग लिस्ट पाठवायची होती. ‘अटें.’ खोडलं आणि हात थांबला. नंबर पाठ होता, नाव नव्हतं. व्हिसाचा कागद काढून त्यावरून उतरवून घ्यावं लागलं.

रात्री जेवताना आजींनी मला गाठलंच. “वर एवढा वेळ काय बघत होतात रे?”

“खोल्या,” मी म्हटलं.

मावशी त्यांच्या ताटातला वरणभात कालवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.