निमो आणि डोरी एकत्र चालतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि तुम्हीच नाही, इथे न्यू जर्सीत आमच्याकडे गणपतीला किंवा पॉटलकला जे कोणी येतात ते सगळे हेच विचारतात. आम्हालाही असा खाऱ्या पाण्याचा टँक करायचाय, मुलांना 'फाइंडिंग निमो' सिनेमातले निमो आणि डोरी दोन्ही हवेत, एकत्र ठेवले तर भांडणार नाहीत ना?

भांडणार नाहीत हो. पण तरी डोरी आणू नका.

डोरी म्हणजे ब्लू टँग. दुकानात दोन इंचाची मिळते, इतकी गोड दिसते की पाकीट आपोआप बाहेर येतं, पण ती वाढते जवळजवळ फूटभर आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत राहणारा मासा आहे तो, त्याला निदान सहा फूट लांबीचा, 180 गॅलनच्या आसपासचा टँक लागतो. नवीन माणूस घेतो 40 गॅलन, म्हणजे लांबी तीन फूट. त्यात कोंडली की ती घाबरलेली राहते आणि मग अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात, त्याला सगळे इक म्हणतात. टँग मंडळींना हे फार पटकन होतं. त्याच्यावरचं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या टँकमध्ये, टाकता येत नाही, कारण कोळंबी, गोगलगाई, कोरल सगळं मरतं. म्हणजे मासा पकडून वेगळ्या टँकमध्ये न्यायचा, आणि दगडांच्या कपारीत शिरलेला मासा पकडायला बसलात की अर्धं कोरल उपसावं लागतं. म्हणून कुठलाही नवीन मासा आधी चार-सहा आठवडे वेगळ्या साध्या टँकमध्ये ठेवायचा, हे कंटाळवाणं आहे पण करायचंच.

निमो मात्र बिनधास्त आणा, क्लाउनफिश छोट्या टँकमध्येही मजेत राहतात आणि आता हॅचरीत वाढवलेलेच सर्रास मिळतात. समुद्रात ते ज्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात लपतात तो अ‍ॅनिमोन घ्यायलाच हवा असं काही नाही. दोन लहान पिल्लं घ्या, एक किंचित मोठं. सगळी आधी नरच असतात, त्यातलं जे वरचढ ठरतं ते पुढे मादी होतं. धाकटा तिच्यासमोर आडवा होऊन थरथरतो, पहिल्यांदा बघणाऱ्यांना वाटतं आजारी पडला, पण तो फक्त 'बाई तुम्ही म्हणाल तसं' म्हणत असतो. तीन-चार आणलेत तर जोडी जमल्यावर उरलेल्यांचं काही खरं नाही.

बाकी कोण कोणाबरोबर चालेल याचे तक्ते मिळतात, हिरवी बरोबर, लाल फुली वगैरे. मी ते फारसे बघत नाही. मी आधी तोंड बघते. ज्याच्या तोंडात जे मावतं ते तो गिळतो, लायनफिशला छोट्या माशाचा राग येत नाही, भूक लागते. हॉकफिश दगडावर ऐटीत बसलेला काय गोंडस दिसतो, पण क्लीनर कोळंबी असेल तर तिच्यावर त्याचा डोळा असतो. बटरफ्लायफिश तर बऱ्याचदा कोरलच टोचून खातात, मग त्याला रीफ टँक कशाला म्हणायचं.

मग बघायचं की हा टँकमध्ये राहणार कुठे. रॉयल ग्रामाला एक कपार हवी, ती मिळाली की तो बाकीच्यांच्या भानगडीत पडत नाही. फायरफिश बिळाच्या वर तरंगतो, खुट्ट झालं की आत, आणि घाबरला तर टँकबाहेरही उडी मारतो, तेव्हा वर जाळी हवीच. मधल्या पाण्यात कार्डिनल. खाली वाळूत माझा सगळ्यात लाडका वॉचमन गोबी हा मासा आणि त्याची पिस्टल कोळंबी. कोळंबीला दिसतं जेमतेम, ती बुलडोझरसारखी बिळातून वाळू ढकलत बाहेर येते पण एक मिशी कायम गोबीच्या अंगावर टेकवून. गोबीने शेपटी हलवली की दोघं आत. टीव्ही बंद करून तासभर बघत बसावं असं आहे ते. असे प्रत्येकाची जागा वेगळी असणारे मासे निवडले की निम्मी भांडणं होतच नाहीत. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, एकच कपार मागणारे दोन आणलेत की झालंच.

आणि आणण्याचा क्रम. डेमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून काही दुकानदार पहिला मासा म्हणून तोच गळ्यात मारतात, पण डोंबिवलीहून लोकलने गेलेल्यांना वेगळं सांगायला नको, आधी बसला त्याची सीट. दोन इंचाचा निळा डेमसेल अख्खा टँक आपला समजतो आणि नंतर आलेल्या गरीब फायरफिशला कोपऱ्यात दाबून ठेवतो. लाजाळू मासे आधी, दांडगे शेवटी, एवढं पाळा. सिक्स लाइन रॅस हा असाच दांडगा मासा हवाच असेल तर तोही सगळ्यात शेवटी. उशिरा येणाऱ्याला भोकांच्या प्लॅस्टिक डब्यात टाकून एक-दोन दिवस टँकमध्येच लटकवते मी, म्हणजे जुन्यांना तो दिसतो पण चावता येत नाही. सोडायच्या आधी दोन-चार दगड इकडचे तिकडे केले तर आणखी बरं, सगळ्यांचेच पत्ते बदलतात.

ठाण्याचा माझा मावसभाऊही हेच सगळं विचारतो, त्याला एक गोष्ट जास्तीची सांगते. भारतात रीफ बांधणारं कोरल आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, तेव्हा कोणी 'आपल्याच समुद्रातलं आहे, स्वस्तात देतो' म्हणालं तर घ्यायचं नाही. मासे आणि कोरडे दगड एवढ्यावरही टँक छान दिसतो.

तर आधी मला टँकची लांबी सांगा, गॅलन नंतर. आणि डेमसेल घेऊन ठेवला असेल तर तेही आत्ताच सांगा, म्हणजे दुकानदार परत घेतो का ते बघता येईल.