जेवणाच्या सुट्टीतला फुस्स आवाज

आज जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधली सगळी यंत्रं बंद होती, तरी हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर मात्र थोड्या थोड्या वेळाने घरघरत सुरू होत होता. एरवीच्या गोंगाटात हे कळलंच नसतं. कोणी हवा वापरत नाहीये, मग हा टाकी भरतोय कोणासाठी?

साबणाचं पाणी आणि ब्रश घेतला, पाइपाच्या एकेका जोडावर लावत सुटलो. तिसऱ्याच कपलिंगवर द्राक्षाएवढे बुडबुडे! संध्याकाळपर्यंत नऊ गळत्या सापडल्या. सहा तर टेफ्लॉन टेप आणि नव्या वॉशरवर मिटल्या.

देखभाल नसेल तर दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के अशीच गळून जाऊ शकते, हे वाचलं होतं. ते दुसऱ्यांकडे होत असेल, अशी माझी समजूत. हवा फुकट, पण दाबलेली हवा फार महाग. कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेचा बराचसा भाग नुसती उष्णता होऊन जातो. त्यात दाब ८ बारवर (बार हे दाबाचं माप). का, ते कोणालाच आठवेना. आमच्या अवजारांना ६ पुरतो. तूर्त ७ वर आणलाय. एका बारमागे साधारण ७ टक्के वीज वाचते.

गंमत म्हणजे 'पर्यावरण वाचवा'चा फलक चार वर्षं भिंतीवर आहे. (प्लास्टिकचं लॅमिनेशन केलेला!) सगळ्यात मोठी गळती नेमकी त्याच्याच मागच्या पाइपाला निघाली.

उरलेल्या तिन्हींसाठी अख्खी लाइन बंद ठेवावी लागेल, म्हणजे सुट्टीच्या दिवशीच. तोवर खडूने फुल्या मारून ठेवल्यात.