800 मेगाहर्ट्झला वॅट उतरले, वॅट-तास चढले

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन खोलीत एप्रिलअखेरचा अख्खा दिवस एकाच लॅपटॉपपाशी गेला. तक्रार अशी की लाइट गेली की बॅटरी दीड तासही धरत नाही आणि जॅकार्डचं, म्हणजे विणीतच नक्षी उमटवणाऱ्या मागाचं, डिझाइन अर्धवट राहतं. प्रोसेसरचा वेग उतरवला की बॅटरी दुप्पट चालते, असं मालकांना कुणीतरी सांगितलं होतं. सेटिंग बदलण्याआधी त्यांना आकडा हवा होता, आणि ते बरोबरच होतं.

मशीन सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचं, प्रोसेसर 15 वॅटचा, वेग 400 मेगाहर्ट्झपासून 2.8 गिगाहर्ट्झपर्यंत. त्यांच्या विंडोजला हात न लावता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं.

सुरुवातीला भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर लावला, तर नुसत्या उघड्या स्क्रीनला 38 वॅट! बॅटरी 91 टक्क्यांवर होती, त्यामुळे चार्जिंगचे वॅट त्यातच मिसळत होते. वर अ‍ॅडॉप्टरची घटही आलीच. सॉकेटवर मोजायचं तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी किंवा काढून ठेवलेली. इथे ती आत बंद होती, म्हणून अ‍ॅडॉप्टर काढला आणि बॅटरीच्याच गेजवरून, म्हणजे तिच्या आतल्या मापकावरून, मोजायचं ठरवलं. लिनक्स हा आकडा मायक्रोवॅटमध्ये देतं. काही मशीन थेट वॅट देत नाहीत, करंट आणि व्होल्टेज वेगळे देतात. तिथे गुणाकार करावा लागतो. या मशीनचा गेज काही सेकंदांनी एकदाच बदलत होता, तेव्हा एकेका आकड्यावर भरवसा नाही. दर दोन सेकंदांनी नोंद, मग सरासरी, आणि ताळा म्हणून कामाच्या आधीची व नंतरची शिल्लक ऊर्जा.

चाचणीचं काम म्हणजे जुन्या डिझाइन फाइलींचा एकच गठ्ठा कॉम्प्रेस करणं. गठ्ठा आधी रॅममध्ये घेतला, नाहीतर पहिल्या फेरीत पेनड्राइव्हचा संथपणाच मोजला गेला असता. वायफाय बंद, ब्राइटनेस निम्म्यावर पक्का, स्क्रीन आपोआप मंद होणं बंद. प्रत्येक वेगाला तीन फेऱ्या, त्याही बॅटरी 40 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान असतानाच.

मग पहिला घोळ. ‘परफॉर्मन्स’ आणि ‘पॉवरसेव्ह’ या दोन्ही गव्हर्नरवर, म्हणजे वेग ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेटिंगवर, वॅट सारखेच. प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे किमान वेग नव्हेच. काम पडलं की तोही टर्बोपर्यंत, म्हणजे मूळ वेगाच्या वरच्या तात्पुरत्या कमाल वेगापर्यंत, जातो. नावावर जाऊन अनेक जण इथेच ‘फरक पडत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून कमाल वेगाची मर्यादाच बांधली. ती किलोहर्ट्झमध्ये लिहायची असते, 1.6 गिगाहर्ट्झसाठी 1600000, आणि चारही लॉजिकल कोअरना (लिनक्सला दिसणाऱ्या चार प्रोसेसरना). एक जरी सुटला तरी तो वेग चढवतो.

फेऱ्यांची सरासरी अशी आली. वॅट म्हणजे त्या क्षणी वीज खाण्याचा वेग, आणि वॅट गुणिले तास म्हणजे बॅटरीतून गेलेली एकूण ऊर्जा. पूर्ण वेगात 22 वॅट, 6 मिनिटं, म्हणजे 2.2 वॅट-तास. 1.6 गिगाहर्ट्झला 12.4 वॅट, पावणेदहा मिनिटं, 2.0 वॅट-तास. 800 मेगाहर्ट्झला 9.2 वॅट, पण 19 मिनिटं, म्हणजे 2.9 वॅट-तास. वॅट सगळ्यात कमी आणि बॅटरी सगळ्यात जास्त खाल्ली!

याचं कारण असं. प्रोसेसरची स्विचिंगची शक्ती वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरतं, आणि खरी बचत त्यातच आहे. एका मर्यादेखाली व्होल्टेज उतरायचं थांबतं. मग वेग कितीही कापा, तेवढ्याच कामाला प्रोसेसर तेवढीच ऊर्जा घेतो. स्क्रीन, रॅम, बोर्ड यांचा वाटा मात्र मिनिटागणिक वाढत राहतो. रिकामं बसलेलं हे मशीन 6.1 वॅट खात होतं. 19 मिनिटांत तेच जवळपास दोन वॅट-तास झाले.

मी 800 वर फुली मारणार होतो. डिझाइनचं काम पाहणारे अण्णा शेजारीच बसले होते. त्यांना विचारलं, “अण्णा, मशीनचं काम संपलं की तुम्ही लॅपटॉप मिटता का?”

“मिटून कसं चालेल? पुढचं डिझाइन उघडतो की.”

या उत्तराने हिशोब फिरला. स्क्रीन चालूच राहणार असेल तर तिन्हींना सारखीच 19 मिनिटं द्यायला हवीत. पूर्ण वेगाला उरलेल्या 13 मिनिटांचं रिकामं बसणं जोडलं की 3.5 वॅट-तास, 1.6 ला 2.96, आणि 800 ला 2.91. आता 800 अगदी किंचित पुढे! तरी निवड 1.6 चीच केली. त्या नाममात्र फायद्यासाठी अण्णांना दुप्पट वेळ ताटकळत ठेवणं मला पटत नाही. पूर्ण वेगाच्या तुलनेत बचत 16 टक्क्यांच्या आसपास. दुप्पट नक्कीच नाही.

दुपारी तीनला लाइट गेली, पंखा थांबला, खोली भट्टीसारखी तापली. पूर्ण वेगाची एक जादा फेरी त्यातच घेतली, तर तेच काम 23.4 वॅट मागू लागलं. चिप तापली की गळतीचा प्रवाह (काम नसतानाही चिपमधून झिरपणारी वीज) वाढतो, शिवाय लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो. सोलापुरात उन्हाळ्यात मोजताना सकाळची फेरी दुपारच्या फेरीशी ताडून पाहू नये. ही फेरी सरासरीत धरली नाही.

हलक्या कामात, म्हणजे अण्णा नुसती रेघ ओढत असताना, वेगाच्या मर्यादेने काहीच हाती लागत नव्हतं. प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेलाच. तिथे ब्राइटनेस पूर्णवरून निम्म्यावर आणल्याने 2.1 वॅट वाचले. आणि मूळ 41 वॅट-तासांची बॅटरी आता 27 वर आलेली आहे, हेही मालकांना दाखवलं. ती तूट कुठल्याही सेटिंगने भरून निघणार नाही.

शेवटी विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट बॅटरीवर 70 टक्के ठेवली, अ‍ॅडॉप्टरवर 100. हे टक्के टर्बोच्या नव्हे, प्रोसेसरच्या मूळ वेगाचे. अण्णांनी सगळ्यात जड फाइल उघडली. टास्क मॅनेजरमध्ये वेग 1.57 गिगाहर्ट्झवर जाऊन थांबला.