रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी आम्ही नकाशा रस्त्यावर चुन्याने आखला – माझा अनुभव

आमचा रस्ता म्हणजे गावातून नवीन कॉलन्यांकडे जाणारा, दोन शाळा, एक मंगल कार्यालय, कडेला भाजीवाले आणि सीझनला केळीचे ट्रक पण इथूनच हायवेला निघतात. मागच्या वर्षी कळलं की काँक्रीट होणार, मधे डिव्हायडर येणार. सगळे खूश, मी पण खूश होतो, पण नकाशात नेमकं काय आहे हे कॉलनीत एकालाही माहीत नव्हतं.

ऑफिसात विचारलं तर आज या उद्या या. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे, नाही आलं, पहिलं अपील केलं तेव्हा कुठे बोलावून कागद दिले. अर्जात नुसतं "रस्त्याची माहिती द्या" लिहू नका, "मंजूर नकाशा, क्रॉस सेक्शन आणि अंदाजपत्रकाची प्रत" असं लिहा (क्रॉस सेक्शन म्हणजे रस्त्याच्या रुंदीत काय कुठे येणार त्याचं चित्र), नाहीतर गोलमोल उत्तर येतं.

नकाशा बघून पोटात गोळाच आला. शाळेच्या गेटसमोर डिव्हायडर सलग, गॅप पार पुढच्या चौकात. फुटपाथ १.२ मीटर आणि त्यातच विजेचे पोल आणि डीपी. इंडियन रोड्स काँग्रेसची गाइडलाइन (आयआरसी १०३) म्हणते चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे. माझी आई रोज त्या गेटसमोरून पलीकडे देवळात जाते, ती चौकापर्यंत जाऊन परत येणार का? पोरं तर डिव्हायडरवरून उड्याच मारणार.

म्हणून आम्ही चारपाच जणांनी वह्या घेऊन मोजणी केली. ऑफिसची मोजणी सकाळ संध्याकाळची होती आणि फक्त गाड्यांची. आम्ही पायी ओलांडणारी माणसं पण मोजली, आणि खरी गर्दी निघाली दुपारी साडेबाराला, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते त्या वीस मिनिटात. रिक्षा, व्हॅन, सायकली, आया, सगळं एकदम. आम्ही इथेच राहतो तरी हे आकड्यात बघेपर्यंत आमच्या पण लक्षात आलं नव्हतं.

दुकानदारांचा विरोध होता. एक चहावाले काका म्हणाले, "मन्हं दुकान जाई का रे भो?" त्यांना कागदावरच्या रेषा दाखवून काय कळणार, आणि त्यांची भीती खोटी पण नव्हती. मग एका रविवारी सकाळी सहाला टेप आणि चुना घेऊन आम्ही पूर्ण क्रॉस सेक्शन रस्त्यावरच आखला, गटार कुठे, फुटपाथ कुठे, डिव्हायडर कुठे. काका स्वतः येऊन रेषेवर उभे राहिले, पत्र्याचं शेड दोन फूट आत घ्यावं लागेल, दुकानाला धक्का नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. नंतर तेच बाकीच्यांना समजावत होते. मला विचाराल तर सगळ्यात जास्त काम त्या चुन्याने केलं.

संयुक्त पाहणीला इंजिनिअर साहेबांना आम्ही मुद्दाम साडेबाराचीच वेळ मागितली. साहेब गेटसमोर अर्धा तास उन्हात उभे राहिले, त्यांनी स्वतः दोन पोरांना हात धरून पलीकडे नेलं आणि तिथेच मान्य केलं की गेटसमोर गॅप ठेवून रस्त्यापेक्षा उंच क्रॉसिंग करायचं, म्हणजे गाड्या आपोआप हळू होतील. पोल आधी सरकवायचे आणि पाण्याची लाइन, घरांची कनेक्शनं पण काँक्रीटच्या आधी, कारण काँक्रीट एकदा फोडलं की तो पॅच कधीच नीट बसत नाही. हे सगळं पाहणीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं, सही शिक्क्यासकट. तोंडी आश्वासनावर घरी जाऊ नका, साहेबांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून.

सध्या पाइप टाकणं चालू आहे, धूळ खूप उडते, काका रोज दोनदा पाणी मारतात. पोल अजून जागचे हलले नाहीत, ते सरकवायचे पैसे वीज कंपनीकडे भरले का हे विचारायला सोमवारी परत जातोय.