पिवळ्या दिव्याचे तीन सेकंद

सिग्नल तोडणाऱ्या गाड्यांचे फोटो तपासणं हे माझं काम. फोटो कॅमेरा काढतो, पण माणसाने पाहिल्याशिवाय दंडाची नोटीस जात नाही. नंबर वाचता येतोय ना, गाडीने थांबरेषा ओलांडली तेव्हा दिवा लाल होता ना, एवढं बघायचं आणि पुढचा फोटो उघडायचा.

त्या दिवशी हरकतींची सुनावणी होती. साठीकडे झुकलेले एक बसचालक आले. एकाच चौकातली त्यांची ही तिसरी नोटीस. "मॅडम, लाल बघून मी गाडी कधी घातली नाही. पिवळा लागल्यावर ब्रेक दाबला असता तर मागची माणसं सीटवरून पडली असती." असं बरेच जण म्हणतात, म्हणून मी फोटो पुढे केला. कोपऱ्यात आकडे होते: वेग ५८, मर्यादा ६०, दिवा लाल होऊन ०.४ सेकंद.

त्या ०.४ वर माझीच नजर अडली. सकाळपासून त्या चौकाचे ०.२, ०.३, ०.५ असेच आकडे मी मंजूर करत आले होते. ज्याला सिग्नल तोडायचाच असतो तो दोन सेकंदांनी घुसतो, चार सेकंदांनी घुसतो. इतकी माणसं नेमकी अर्ध्या सेकंदाने कशी चुकतील?

दुपारी स्टॉपवॉच घेऊन चौकात उभी राहिले. पिवळा दिवा दहा वेळा मोजला. दहाही वेळा तीन सेकंद.

हिशेब अवघड नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. पिवळा दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरतात. पुढे प्रवाशांना हिसका न देता गाडी थांबवायची, तर वेग दर सेकंदाला साधारण तीन मीटरनेच उतरवता येतो. एकूण लागतात ६३ मीटर. तीन सेकंदांत गाडी जाते ५० मीटर. म्हणजे थांबरेषेपासून ५० ते ६३ मीटरवर असताना ज्याला पिवळा लागला, त्याला नीट थांबताही येत नाही आणि लाल व्हायच्या आत रेषाही गाठता येत नाही. तिथे पावणेचार सेकंद तरी हवे होते.

जुनी फाइल काढली. रस्ता रुंद होण्याआधी मर्यादा ४० होती, आणि त्या वेगाला तीन सेकंद पुरेसे होते. पाट्या बदलल्या, दिव्याची वेळ तशीच राहिली, आणि वर कॅमेरा बसला.

वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "दिवा लाल होता ना? मग कॅमेऱ्याचा काय दोष? आणि आपली सगळ्यात जास्त वसुली याच चौकाची आहे." मला नेमकं तेच सांगायचं होतं. एका चौकात महिनोन्‌महिने तेवढेच लोक चुकत असतील, तर कॅमेरा तिथे कोणाला सुधारत नाहीये. घाबरून करकचून ब्रेक मारणाऱ्याला मागची गाडी ठोकते, ते वेगळंच. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या २००५ च्या अभ्यासात सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांमुळे आडव्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या, पण मागून बसणाऱ्या धडका सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. आडवी धडक जास्त जीवघेणी, म्हणून हा सौदा एकंदरीत फायद्याचा. पण पिवळा अपुरा ठेवून तो आपणच बिघडवायचा?

कॅमेरा काढा, असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्याच सकाळी त्याच चौकाचा आणखी एक फोटो माझ्यापुढे आला होता. लाल होऊन ३.८ सेकंद, वेग ८४. झेब्रावर एक बाई, मुलाला दंडाला धरून मागे ओढताना. ८४ च्या गाडीची धडक ६० च्या गाडीपेक्षा जवळजवळ दुप्पट ऊर्जेची असते. तो फोटो मी कितीतरी वेळ बंद केला नाही. कॅमेरा हवा तो या गाडीसाठी, आणि ती अर्ध्या सेकंदवाल्यांच्या ढिगात हरवून गेली होती.

तीन आठवड्यांनी पिवळा चार सेकंदांचा झाला. ढीग ओसरला. आता जे फोटो येतात त्यांत बहुतेक आकडे दोनच्या पुढचे असतात, आणि त्यांच्यावर मंजुरी देताना माझा हात अडखळत नाही.

बसचालकांच्या तिन्ही नोटिसा रद्द झाल्या. त्यांनी हरकत घेतली म्हणून. ज्यांनी मुकाट्याने दंड भरला त्यांचे पैसे परत करणार का, हे मी लेखी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.