अस्नीच्या शनिवारच्या बाजारात: दारिजा आणि तशेलहित

मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास पर्वतात अस्नी गावचा आठवडी बाजार शनिवारी भरतो. तुबकाल शिखराकडे निघालेले बहुतेक प्रवासी तो गाडीच्या काचेतून पाहूनच पुढे इमलिल गावी जातात. आम्ही मात्र मुद्दाम सकाळी उतरलो, कारण दारिजा, म्हणजे तिथली बोली अरबी, आणि डोंगरातल्या अमाझिग (बर्बर) लोकांची तशेलहित या दोन भाषा रोजच्या व्यवहारात कशा नांदतात, हे बाजारात सहज ऐकायला मिळते.

खेचरावरून पोती उतरवताना बापलेकांचे बोलणे तशेलहितमध्ये चालले होते. मराकेशचा व्यापारी समोर येताच दोघेही दारिजावर आले, आणि तो गेल्यावर आपसात पैसे मोजतानाही आकडे अरबीच राहिले. भाव मात्र जपून ऐकावा. जुन्या पिढीतले विक्रेते अजूनही रियालमध्ये बोलतात. असे नाणे आता चलनात नाही, ती केवळ हिशेबाची रीत आहे आणि २० रियाल म्हणजे १ दिऱ्हम, मोरोक्कोचे आजचे चलन. शंभर रियाल ऐकून दचकू नये, ५ दिऱ्हम द्यावेत.

आखातात नोकरी केलेल्या आपल्या कोकणातल्या मंडळींनी तिथल्या अरबीवर फार विसंबू नये. तुमचे बोलणे समोरच्याला बहुधा कळेल, पण स्वर गिळलेले आणि फ्रेंच शब्दांची सरमिसळ असलेले त्याचे उत्तर तुम्हाला झेपेलच असे नाही.

२०११च्या राज्यघटनेने तमाझिगला, म्हणजे तशेलहित जिच्यात मोडते त्या अमाझिग भाषेला, अरबीच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला, त्यामुळे सरकारी पाट्यांवर तिची तिफिनाग लिपीही दिसते. बाजारातल्या मोठ्यांना ती वाचता येईना. वाचून दाखवली ती एका शाळकरी मुलीने.

अभिवादनाला 'सलाम' सर्वत्र चालतो, पण खेचरवाल्याला तशेलहितमध्ये 'अझूल' (नमस्कार) आणि निरोप घेताना 'तनमिर्त' (आभार) म्हटले की बोलणे मोकळे होते. मजुरी मात्र आधीच आणि दिऱ्हममध्येच ठरवावी. शाकाहाऱ्यांनी 'ब्ला ल्हम', म्हणजे मांसाशिवाय, असे दारिजात सांगून रस्सा कशाचा आहे तेही विचारावे, कारण भाज्यांचे ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेली रस्सेदार भाजी, पुष्कळदा मांसाबरोबरच शिजवलेले असते. इमलिलच्या पुढे तुबकालच्या वाटेवर पासपोर्ट तपासतात आणि मार्गदर्शक सक्तीचा आहे. चौकीवर दारिजा किंवा फ्रेंच उपयोगी पडते. परतीची सामायिक टॅक्सी सहा प्रवासी भरल्यावरच सुटते, तेव्हा बाजार उठण्याआधी जागा धरावी.